जुन्या गाडीत क्लीनर ओतण्याआधी कार्बोरेटर खोला : बाबांच्या सीडी १०० चा अनुभव

वाघबीळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं उभी असलेली गाडी पेट्रोलमध्ये क्लीनर घालून, कार्बोरेटर न खोलता साफ होईल का, असं इथं फोरमवर दोन-तीन जणांनी विचारलं होतं. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण माझंच काम अर्धवट होतं. आता पूर्ण झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी बाबांची. हीरो होंडा सीडी १००, १९९१ची. या गाडीवर बाबा रोज कोल्हापूरहून कागलला शाळेत जायचे. निवृत्तीनंतर भाजी आणायला, जोतिबाला जायला हीच. गुडघे दुखायला लागले तशी त्यांनी ती जिन्याखाली लावली, वर जुनी चादर घातली आणि सहा वर्षं ती तिथंच राहिली. टाकीत पेट्रोल तसंच. टाकीखालचा पेट्रोलचा कॉकसुद्धा चालूच राहिला होता. हे मला फार उशिरा कळलं, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तिथंच होतं. कॉक चालू असला की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, त्यावर तरंगणारा फ्लोट खाली बसतो, वरून नवीन पेट्रोल येतं, तेही उडतं. दर वेळी मागं राहतो तो चिकट अंश. एकदा भरलेली वाटी सुकली तर पातळ थर धरतो. सहा वर्षं थोडी थोडी भरत आणि सुकत राहिली तर काय होतं ते पुढं सांगतो.

दिवाळीत गाडी बाहेर काढली. टाकीत दोन लिटर नवीन पेट्रोल घातलं आणि दुकानातून आणलेली क्लीनरची अख्खी बाटली ओतली. बाटलीवर पूर्ण टाकीचा डोस लिहिला होता. जास्त घातलं तर जास्त साफ होईल, असं मला वाटलं. प्लग नवीन घातला, बॅटरी बदलली. चाळीसएक किका मारल्यावर गाडी चालू झाली. बाबा खुर्ची घेऊन दारात बसले होते. आवाज ऐकून ते उठून उभे राहिले.

तीन दिवस गाडी चांगली चालली. रंकाळ्याला चक्कर, शाहूपुरीत काम, सगळं व्यवस्थित. चौथ्या दिवशी पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या चढाला गाडी आधी मिसिंग मारायला लागली, मग पिकअप सोडला, मग बंद. चोक ओढला की जरा चालायची, चोक सोडला की मरायची. शेवटी वळवली आणि उतारावरून न्यूट्रलमध्ये परत आणली.

घरी येऊन कार्बोरेटर उतरवला. वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडला तर पेट्रोल येईना, इतकं ते भोक भरलं होतं. वाटी काढली. तळाला गुऱ्हाळावरच्या काकवीसारखा गडद तपकिरी थर, आणि त्यात लाल भुकटी. बोटाला लावून चोळली तर कचकच लागली. तो टाकीतला गंज होता. वास पेट्रोलचा नव्हे, जुन्या वॉर्निशचा.

मग जेट काढले, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे. मेन जेट उजेडाकडं धरला तर भोकाची एक बाजू गंजाच्या कणानं झाकलेली. पायलट जेट, म्हणजे गाडी सावकाश चालताना लागणारा बारका, तो धरला तर उजेडच नाही. शेजारी नवीन पायलट जेट धरला, त्यात सुईच्या टोकाएवढा स्वच्छ ठिपका दिसला. बाबांना दोन्ही दाखवले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ बघितले.

इथंच मला बाटलीचं काम कळलं. क्लीनर पेट्रोलमध्ये विरघळलेला असतो, म्हणजे पेट्रोल जिथून वाहतं तिथंच तो पोचतो. पायलट जेट पूर्ण बंद, त्यातून पेट्रोल जातच नाही, तर क्लीनर कुठून जाणार? म्हणजे ज्या जेटला त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथं तो पोचलाच नाही. टाकीत मात्र पोचला. सहा वर्षांचा जो थर टाकीच्या पत्र्याला आणि गंजाला धरून बसला होता तो त्यानं सैल केला. वाघबीळच्या चढाला थ्रॉटल पूर्ण उघडला, पेट्रोलचा ओढा वाढला आणि सुटलेला सगळा गाळ खाली आला. कॉकची जाळी एका बाजूनं फाटलेली निघाली, त्यामुळं अडवायलाही काही नव्हतं.

बाटली वाईट असते असं मी म्हणत नाही. माझा क्रम चुकला. आधी जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाकी धुवायला हवी होती, मग कॉकची जाळी, मग कार्बोरेटर खोलून साफ, आणि बाटली सगळ्यात शेवटी, लिहिलेल्या डोसानं. तुमचे अनुभव लिहा, विशेषतः टू स्ट्रोकवाल्यांनी.

उद्यमनगर_फिटर

दादा, खरं लिवलाय तुम्ही. उद्यमनगरात तीस वर्सं हाच धंदा करतोय. उभ्या गाडीत बाटली ओतून मग ढकलत आणलेल्या गाड्या लई बघितल्या.

जेटमध्ये सुई, टाचणी, सायकलची तार कधी घालायची न्हाई. जेट पितळेचा असतोय, पोलाद त्याला खातंय. भोक केसाएवढं वाढलं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागती, प्लग काळा पडतोय, आणि मग माणूस म्हणतोय कार्बोरेटर गेला. वायरीतली तांब्याची एक तार काढा, मऊ असती, ती हळू फिरवा. त्याच्या आदी जेट रातभर क्लीनरमध्ये भिजत ठेवा आणि मग कॉम्प्रेसरची हवा मारा. हवा पेट्रोल जातंय त्याच्या उलट्या बाजूनं मारायची, म्हंजे कचरा आला तसा भाईर जातोय.

एअर स्क्रू, म्हंजे हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवायचा स्क्रू, काढायच्या आदी तो पूर्ण आत फिरवून किती आटं हायत ते मोजा आणि कागदावर लिवून ठेवा. आत टेकला की जोर लावायचा न्हाई, टोक मोडलं तर बॉडी गेली. स्क्रू काढल्यावर स्प्रिंग, वॉशर आणि बारकी रबरी रिंग निघती का बघा. ती रिंग आतच चिकटून ऱ्हाती, आणि वरनं स्प्रे मारला की फुगती.

फ्लोटच्या सुईचं टोक भिंगातनं बघा. गोल कड पडली आसंल तर सुई बदला. न्हाईतर पेट्रोल वरनं वाहतंय, इंजिनात उतरतंय आणि ऑईल पातळ करतंय. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका, आदी ऑईल बदला.

आणि एक. निळा धूर मारणाऱ्या फोर स्ट्रोक गाडीला बाटलीचा काय उपयोग न्हाई. प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑईल घाला, दोन-चार किका मारा. किक एकदम घट्ट लागली तर रिंगा न्हाईतर बोअर गेलाय. ते काम लेथवरचं, बाटलीचं न्हवं. घट्ट न्हाई झाली तर व्हॉल्व्ह बघा.

वाघबीळ

काका, मनापासून आभार. आटे मोजायचं मी विसरलो होतो, नंतर कानानं जुळवावं लागलं. सुईच्या टोकावर कड होतीच. बदलली.

आरएक्स_९४

माझी आरएक्स १००, १९९४ची. एस्कॉर्ट्सनं बनवलेली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. १९८५ ते १९९६ एवढाच काळ ही गाडी निघाली, त्यामुळं मूळ कार्बोरेटर आता सोन्यासारखा जपावा लागतो.

टू स्ट्रोकचा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडं कार्बन येतो तो मुख्यतः ऑईलचा. ऑईल पेट्रोलबरोबर जळतं, आणि जे पूर्ण जळत नाही ते पिस्टनच्या डोक्यावर, एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकाच्या कडेला आणि सायलेन्सरच्या आतल्या नळीवर, म्हणजे बॅफलवर बसतं. क्लीनर हेडमधला थोडा मऊ कार्बन काढेल, पण पोर्टवर आणि बॅफलवर दगडासारखा बसलेला थर त्याला निघत नाही. मी एक आख्खं वर्ष प्रत्येक टाकीला बाटली घातली. मग सायलेन्सर उतरवला तर पोर्ट जवळजवळ तिसरा हिस्सा भरलेला होता. ज्याला मी पिकअप कमी झाला म्हणत होतो, ते गाडीचं श्वास कोंडणं होतं.

उपाय जुनाच. सायलेन्सर काढा, किक हळू दाबून पिस्टन वर आणा, म्हणजे पोर्ट झाकला जाईल, आणि लाकडी पट्टीनं कार्बन खरवडा. स्क्रूड्रायव्हर नको, पिस्टनला ओरखडा पडतो. बॅफल मागून निघतो, तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवून धुवा. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय नाही. आणि पिस्टन, हेड, कार्बोरेटर यातलं काहीही कॉस्टिकमध्ये बुडवू नका. ते अॅल्युमिनियमचं असतं, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. ओळखीच्या एका मुलानं पिस्टन असाच साफ करायला ठेवला. सकाळी भांड्यात फेस आणि खड्डे पडलेला पिस्टन.

चष्म्याचं मी दोनदा सांगतो, कारण माझ्याच डोळ्यावर आलंय. कार्ब क्लीनरच्या स्प्रेची नळी एअरच्या भोकात घालून दाबली, द्रव दुसऱ्या भोकातून वळून सरळ डोळ्यात. अर्धा तास नळाखाली डोळा धरून बसलो होतो.

नवशिका_कसबा_बावडा

एक विचारू? आमचे आजोबा सांगतात की पूर्वी टाकीत डांबरगोळ्या टाकायचे, त्यानं इंजिन साफ व्हायचं आणि गाडी पळायची. काहीजण रॉकेल, थिनर, अॅसिटोनही टाकतात. बाटलीपेक्षा ते स्वस्त पडेल ना?

मळी_ते_इथेनॉल

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेचं काम करतो, म्हणून याचं उत्तर मी देतो.

डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीन. ती पेट्रोलमध्ये विरघळते, पण तिच्यात थर सोडवणारं काहीच नसतं. पेट्रोल उडून गेलं की ती परत स्फटिक होऊन बसते, आणि बसायला जागा शोधते ती जेटची. रॉकेल पेट्रोलपेक्षा जड आणि उशिरा उडणारं. त्यानं धूर वाढतो, नॉकिंग वाढतं, कार्बन उलट जास्त धरतो. थिनर आणि अॅसिटोन थर विरघळवतात हे खरं, पण रबर, प्लास्टिकचा फ्लोट आणि टाकीचा रंग यांचाही घात करतात. उतरवलेल्या पितळी जेटला अॅसिटोन लावा, टाकीत ओतू नका.

चांगल्या क्लीनरमध्ये दोन प्रकारची रसायनं येतात. एक पॉलिइथर अमाइन, दुसरं पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन. रेणूचं नायट्रोजनवालं टोक थराला पकडतं आणि उरलेली साखळी पेट्रोलमध्ये विरघळलेली राहते, म्हणून थर सुटून पेट्रोलबरोबर जातो. पहिलं रसायन ज्वलनकक्षाच्या उष्णतेतही काम करतं आणि स्वच्छ जळतं. दुसरं व्हॉल्व्हला चांगलं, पण प्रमाण जास्त झालं तर स्वतःच कक्षात थर धरू शकतं. म्हणून लिहिलेल्या डोसाच्या वर जायचं नाही. बाटली घेताना घटकांत पॉलिइथर अमाइन लिहिलंय का बघा. नुसतं 'पॉवर वाढवणारं' असं मोठ्या अक्षरात असेल आणि घटक नसतील, तर ती मी घेत नाही.

आता पेट्रोलबद्दल. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विकायला आलं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचं रबर आणि प्लास्टिक ते सोसेल असं केलेलं असतं. १९९१च्या गाडीचं नाही. इथेनॉल स्वतः एक विद्रावक आहे. म्हणजे वाघबीळदादांनी बाटली घातली नसती तरी टाकीतला जुना थर ई२० नं थोडा सुटलाच असता, फक्त सावकाश. पूर्ण जळायला शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. कार्बोरेटरला हे कळत नाही, त्याचं भोक तेवढंच. त्यामुळं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन गरम चालतं. जुन्या गाडीत ई२० वर मिसिंग वाटलं तर मिस्त्रीकडून एअर स्क्रू पुन्हा जुळवून घ्या. त्यातला बराचसा त्रास जेट बंद असल्यासारखाच वाटतो, आणि माणूस बाटलीवर बाटली ओतत राहतो.

आमच्याच उसाच्या मळीतून आणि रसातून हे इथेनॉल तयार होतं. या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो. मी त्याच्या विरोधात नाही. पण जुनी गाडी ठेवणाऱ्यानं पाइप, गॅस्केट आणि सुई बदलायचा खर्च धरूनच चालावं.

इथेनॉल किती आहे ते बघायचं असेल तर मोजपात्रात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. ई२० असेल तर तो ३६ मिलीच्या आसपास येतो. उघड्यावर करा, जवळ विस्तव नको.

संगमाकाठ

हे पाण्याचं वाचून मला लिहावंसं वाटलं. आम्ही कुरुंदवाडचे. २०१९च्या पुरात सासऱ्यांची स्प्लेंडर सीटच्या वर पाण्यात होती. पाणी उतरल्यावर आम्ही आधी गाडी धुतली आणि मग कोणीतरी सांगितलं म्हणून पाणी काढणारं रसायन टाकीत ओतलं. ते किका मारतील म्हणून मीच चावी लपवून ठेवली, आणि तेवढंच बरं झालं. नंतर प्लग काढला तर भोकातून चिखलाचं पाणी आलं. किक मारली असती तर पिस्टन पाण्यावर अडून कनेक्टिंग रॉड वाकू शकला असता.

कार्बोरेटरच्या वाटीतलं आम्ही काचेच्या ग्लासात सोडलं. खाली पाणी, वर पेट्रोल, मधे गढूळ रेषा, अगदी स्पष्ट. बॉडीवर आतून पांढरी भुकटी धरली होती. ती मऊ ब्रशनं काढावी लागली, कुठल्याच द्रवानं विरघळली नाही.

ताज्या पाण्याचे दोन थेंब असतील तर इथेनॉल ते पेट्रोलमध्ये धरून ठेवतं, हे कळतं. पण त्याहून जास्त झालं तर?

मळी_ते_इथेनॉल

ताई, ठरावीक प्रमाणापर्यंत इथेनॉल पाणी धरतं. त्यापुढं गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. कॉक तळातून पेट्रोल घेतो, म्हणजे इंजिनाला पहिला घोट पाण्याचाच. असं वेगळं झालेलं पेट्रोल रसायन घालून परत एकजीव होत नाही. काढून टाकायचं. ती पांढरी भुकटी म्हणजे धातूचं गंजणं, ती क्लीनरनं जाणार नाही. ब्रश बरोबर.

पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, रिकामी जागा कमी म्हणजे दमट हवा कमी. कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल ड्रेन स्क्रूनं काढा. वाघबीळदादांच्या जिन्याखाली नेमकं हेच राहून गेलं.

नवशिका_कसबा_बावडा

डांबरगोळ्यांचं कळलं. आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या काळात पेट्रोलच वेगळं होतं.

मळी_ते_इथेनॉल

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, देशभर ते बंद झालं १ फेब्रुवारी २०००ला. शिशाचे क्षार प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसायचे, त्यामुळं साफसफाई तेव्हा जास्त लागायची. गोळ्यांनी ती व्हायची नाही, पण गरज खरी होती.

आरएक्स_९४

वाघबीळ, टाकीच्या गंजाचं काय केलंत? तो राहिला तर कितीही साफ करा, महिन्यात परत तेच.

वाघबीळ

तेच लिहायला आलो. टाकी उतरवली, कॉक काढून भोक बंद केलं, आत मूठभर नट-बोल्ट आणि साबणाचं गरम पाणी घालून बराच वेळ हलवली. पहिलं पाणी चहासारखं आलं. पाचव्या वेळी स्वच्छ आलं. मग पांढरं व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवली, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली आणि लगेच आतून थोडं ऑईल फिरवलं, कारण उघडा पत्रा एका रात्रीत परत लाल होतो. टाकीत पातळ जागा असेल तर व्हिनेगरनं भोक पडू शकतं, म्हणून आधी आत टॉर्च टाकून बघा. नंतर कॉकची नवीन जाळी, नवीन पाइप, आणि पाइपात पारदर्शक फिल्टर.

मग नवीन पेट्रोल, आणि आता बाटली, लिहिलेल्या डोसानं. दोनशे किलोमीटर चालवून इंजिन ऑईल बदललं. आधी प्लग काळा कोरडा निघायचा, आता टोक चहाच्या रंगाचं. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बरंच खाली आलं. २०००च्या आधीच्या दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के. फिल्टरमध्ये पहिल्या आठवड्यात दोन-तीन लाल कण दिसले, त्यानंतर नाही.

रविवारी पुन्हा पन्हाळ्याला गेलो. वाघबीळचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, चोक न ओढता. बाबा मागं बसले होते. वर पोचल्यावर त्यांनी खाली वाकून कॉक बंद केला.